पांढरा शर्ट, काळी पँट

ताट नेमकं कोणत्या क्षणी हातात आलं, हे खुशालभाऊ उंदिरवाडे यांना पुढं कितीदा आठवूनही सांगता आलं नसतं. आत्ता हात रिकामे होते आणि आत्ता त्यांत एक उष्टं ताट होतं. चामोर्शी रोडवरच्या लॉनमध्ये भर दुपारचं लग्न, बाहेर त्रेचाळीस डिग्री, मांडवातले मोठाले पंखे इकडची गरम हवा उचलून तिकडं टाकत होते, आणि खुशालभाऊ जेवणाच्या टेबलांपासून चार हात लांब, हात धुऊन, पाठ ताठ ठेवून उभे होते. समोरून एक भरगच्च गृहस्थ आले. आमरसाच्या रंगाचा कुर्ता, वर बिनबाह्यांचं जाकीट, कानाला मोबाइल. बोलण्यात खंड न पाडता त्यांनी डाव्या हातातलं ताट पुढं केलं. ताटात अर्धी बालुशाही, वरण-भाताचा चिखल, वांग्याची दोन देठं आणि या सगळ्यात उभा रोवलेला चमचा. खुशालभाऊंनी ते घेतलं. गृहस्थ फोनमध्ये "हाव, हाव, पोहचलो ना मी" म्हणत पुढं गेले. एवढंच झालं. याहून मोठ्या गोष्टी गडचिरोलीत रोज होतात आणि पेपरवाले त्याही आतल्या पानावर टाकतात.

खुशालभाऊंनी आधी ताटाकडं पाहिलं, मग स्वतःकडं. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्यांचा, गळ्याची गुंडी लावलेली. काळी पँट, तिची इस्त्रीची धार अशी की कागद कापावा. काळे बूट. मग त्यांनी मांडवाकडं पाहिलं. बालुशाहीच्या टेबलामागं पांढरा शर्ट, काळी पँट. पाण्याच्या जारजवळ पांढरा शर्ट, काळी पँट. पापडांची टोपली घेऊन फिरणारा, भाताच्या भांड्याचं झाकण उघडून वाफेनं डोळे मिटणारा, सगळेच पांढरे, आणि सगळ्यांच्या गळ्याच्या गुंड्या लावलेल्या. पाहुण्यांत मात्र सर्कस होती. नवरदेवाचा मामा शेरवानीत वाफवला जात होता. एका सेवानिवृत्त ग्रामसेवकानं गुडघ्यावर भोक पडलेली जीन्स घातली होती, आणि ते भोक त्यानं विकत घेतलं होतं. खुशालभाऊंचा माणसांशी संबंध मुख्यतः त्यांच्या कपड्यांमार्फतच येई, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या भेटीतच संपत असे. आत्ता त्या मांडवात, त्यांच्या हिशेबानं, माणसासारखे कपडे घातलेली माणसं फक्त वाढप्यांत होती. हा निष्कर्ष ताट हातात नसताना निघाला असता तर त्यांना मौज वाटली असती.

देणाऱ्याचं एक वेळ समजून घेता येतं. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं, त्याला पांढरं दिसलं, त्यानं दिलं. पण घेणाऱ्याच्या कानाला कोणता फोन होता? शिवाय एक गोष्ट होती, जी खुशालभाऊ स्वतःशीसुद्धा लगेच कबूल करेनात. मान पुसून झाल्यावर ओला रुमाल खिशात कोंबायचा नाही म्हणून त्यांनी तो डाव्या मनगटावर टाकला होता. वाळेपर्यंत, दोन मिनिटं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात दोन मिनिटं. आणि बुढ्याचा चौथा नियम नेमका त्याच्याचविरुद्ध होता.

बुढा म्हणजे खुशालभाऊंचा बाप, लहानू उंदिरवाडे. सावली गावापासून दोन कोसांवरच्या धानाच्या गावात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी पंगत उठली की पत्रावळी उचलायचं काम त्यांच्या घराकडं होतं. उघड्या अंगानं उचलायच्या, खांद्यावर एक फडकं, सांडलं की पुसायला. छप्पन साली चांद्याच्या धम्मदीक्षेला बुढा कोणाचा तरी पांढरा सदरा मागून घालून गेला, आणि परत आला तो पत्रावळ उचलायची नाही असं ठरवूनच. सदरा परत करावा लागला, ठराव तेवढा राहिला. पुढं त्यानं स्वतःचा सदरा शिवला आणि त्या सदऱ्याभोवती नियम उभे केले, जसं लोक देवाभोवती देऊळ उभं करतात. खुशाल शाळेत जायला लागला तेव्हा बुढ्यानं त्याला समोर उभं करून ते सांगितले. "पह्यली गोष्ट, पांढरा. रंगीत कापडात मळ लपते, आन् मळ लपला का माणूस बी लपते. दुसरी, गळ्याची गुंडी लावाची. उघड्या गळ्याच्या माणसाले लोक काम सांगते. तिसरी, पायात जोडा, मंग धानाच्या बांधीत चिखल का असेना. आन् चौथी ध्यानात ठेव. खांद्यावर, हातावर, कापड टाकाचं नाई. कापड दिसलं का समोरचा म्हणते, पुस." यात खुशालभाऊंनी स्वतःच्या अकलेनं भर घातली: पट्टा काळाच, पेन एकच आणि डाव्या खिशात, शर्टावर कोणाचं चित्र नाही, अक्षर नाही, चौकट नाही, रेघ नाही. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तोवर नियम एकवीस भरले होते, आणि ते मोडणाऱ्यांची संख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येइतकी झाली होती.

नोकरीची पहिली अकरा वर्षं धानोऱ्याच्या आत, जंगलात गेली. तिथं नव्या मास्तरला जुने मास्तर पहिल्याच दिवशी कपड्यांचे नियम सांगत: हिरवा घालू नोको, खाकी घालू नोको, मातकट तर मुळीच नोको. या रंगांचा माणूस लांबून दिसला की एका बाजूचे विचारतात तू त्यांचा का, आणि दुसऱ्या बाजूचे विचारतात तू यांचा का, आणि दोन्हीकडं उत्तर ऐकायला फारसा वेळ नसतो. बाकीचे मास्तर त्या भागात कुढत वावरले. खुशालभाऊंचा मात्र फायदाच झाला, बुढ्याच्या नियमाला तिथं सरकारी नसली तरी जंगलाची मान्यता मिळाली. सागाच्या जंगलातून सायकलवर येणारा पांढरा ठिपका पाहून पोरं ओरडायची, मास्तर आला. त्या पोरांत सुकलू पोटावी नावाचा एक होता. तो शर्टाला हात लावून पाहायचा आणि विचारायचा, "सर, हे रोज नवं असते का?" तेव्हा खुशालभाऊंना फार बरं वाटलं होतं. चाळीस वर्षांनी लग्नाच्या मांडवात वाढप्यांकडं पाहताना त्यांना सुकलू आठवायचं काहीच कारण नव्हतं, पण पाण्याच्या जारवर, भाताच्या भांड्यावर, सगळीकडं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: पोटावी केटरर्स.

"गुरुजी! ओ गुरुजी!" मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून लोकेश बारसागडे हाक मारत होता. लोकेश म्हणजे नवरीचा काका, आणि खुशालभाऊंच्या घरी जुळत आलेल्या सोयरिकीतला मध्यस्थ. खुशालभाऊंचा मुलगा राजदीप चंद्रपूरला बँकेत होता, त्याच बँकेत नंदिनी भैसारे होती, दोघांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं आणि आता मोठ्यांनी ठरवल्यासारखं करायचं राहिलं होतं. नंदिनीचा बाप सिंचन खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला, नागपूरहून मुद्दाम आलेला. त्याला अजून खुशालभाऊंनी पाहिलं नव्हतं. फोनवर दोनदा बोलणं झालं होतं, आवाज जाड वाटला होता. "इकडं या जी! तुमचे व्याही तुमाले शोधून राह्यले!" लोकेशनं ज्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो आमरसाच्या रंगाचा खांदा होता.

इथं माणूस दोन गोष्टी करू शकतो. ताट जवळच्या टेबलावर ठेवून हसत पुढं जाऊ शकतो, हा झाला शहाणा. किंवा ताटासकट पुढं जाऊन म्हणू शकतो, साहेब, हे तुमचं राहिलं होतं, हा झाला मर्द. खुशालभाऊ वळले आणि ताट घेऊन भटारखान्यात शिरले. पडद्यामागं चुलाणांची धग होती, आणि टबांच्या रांगेशी एक बाई पाठमोरी बसून ताटं घासत होती. "कुठी ठेवू?" खुशालभाऊंच्या तोंडून निघालं. बाईनं मान वर केली नाही. "खरकटं ड्रममंधी, ताट टबात. नवीन हाये काय रे?" खुशालभाऊंनी चमच्यानं वरण-भात ड्रममध्ये लोटला, वांग्याची देठं लोटली, बालुशाही लोटली. ताट टबात सोडलं. ते बुडताना एक बुडबुडा आला. मग ते मागच्या दारानं बाहेर पडले, जिथून गॅसचे सिलिंडर आत येतात तिथून, आणि स्कूटरच्या तापलेल्या सीटवर बसले. चटका बसला तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. निदान हा तरी स्वतःला बसलेला आहे, यात शंका नव्हती.

घरी बायको मीराबाई गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. गुडघ्यामुळंच त्या लग्नाला गेल्या नव्हत्या. "भेटले का साहेब?" त्यांनी विचारलं. "नाई." "काऊन?" "गर्दी होती." "गर्दीत तुमी त नजरेत भरता जी. पांढरा बगळाच." खुशालभाऊंनी कूलरचं बटन दाबलं आणि खोलीत जाऊन पडले. कूलरमधून वाळ्याचा वास आणि पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. उद्या सकाळी अकराला भैसारे साहेब सपत्नीक घरी येणार होते, तारीख धरायला. उद्या दार उघडलं की तो माणूस समोर तोच शर्ट पाहील, तीच पँट पाहील, आणि त्याला आठवेल. आधी तो ओशाळेल, हात जोडेल. त्याबद्दल खुशालभाऊंची काही तक्रार नव्हती. पण ओशाळणं दोन दिवसांत सुकतं, आणि त्याच्या जागी गोष्ट उगवते. हा माणूस गोष्ट सांगणाऱ्यांतला होता, ते पोटावरूनच कळत होतं. पुढच्या तीस लग्नांत तो सांगेल, माझ्या व्याह्याची न् माझी पहिली भेट कशी झाली ऐका, मी त्याले उष्टं ताट देलं न् त्यानं घेतलं. नातवाच्या नामकरणात सांगेल. नातू मोठा झाला की त्याला सांगेल. खुशालभाऊ उंदिरवाडे, बी.ए. बी.एड., एकवीस नियम, त्यांचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात मावेल, आणि वर थोडी जागाही उरेल.

एक वाट सरळ होती. उद्या दुसरं काही घालायचं. रंगीत शर्टातला माणूस त्याला ओळखू येणार नाही. कपाटात राजदीपनं दिलेला निळ्या चौकटींचा शर्ट तीन वर्षांपासून पुठ्ठ्यासकट पडलेला होता. पण मग बुढ्याला काय सांगायचं? बुढा मरून सव्वीस वर्षं झाली होती. तरी कपाट उघडताना खुशालभाऊंना अजून त्याची परवानगी लागे. मळ लपला की माणूस लपतो. म्हणजे उद्या लपायचं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराच्या सोयरिकीत. त्यांनी मनात भैसारे साहेबांना सोफ्यावर बसवलं आणि अपमान करायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला थंडपणे केला. दुसऱ्या खेपेला बायकोदेखत केला. तिसऱ्या खेपेला साहेब रडले, पण कुर्ता आमरसाचाच राहिला, आणि त्या रंगापुढं खुशालभाऊंची सगळी वाक्यं फिकी पडत गेली.

संध्याकाळी पाचला ते शफीच्या दुकानात गेले. शफी टेलर तीस वर्षांपासून त्यांचे शर्ट शिवत होता. मापाची वही उघडायचीही गरज पडत नसे. दुकान एवढंसं, मशीनवर वाकलेला शफी, अंगात कुठल्यातरी कंपनीचा तयार टी-शर्ट. स्वतः शिवलेलं तो कधीच घालत नसे. "अपनी गलती दिनभर आंखों के सामने कौन रखेगा गुरुजी," असं त्याचं म्हणणं होतं. खुशालभाऊ स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शफीभाई, एक रंगीत शर्ट पाह्यजे. उद्या सकाळपर्यंत."

शफीनं मशीन थांबवलं. "घर में सब ठीक है ना?"

"ठीक आहे. रंगीत पाह्यजे."

"कौनसा रंग?"

खुशालभाऊंना रंग सांगता येईना. मनात एकामागून एक रंग आले आणि प्रत्येकाला ते कोणातरी माणसाच्या अंगावर पाहून चिडलेले होते. शेवटी ते म्हणाले, "कोणताही. वाढप्यासारखा दिसला नाई पाह्यजे."

शफी हसला, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं, आणि तो आणखी हसला. "बारसागडेच्या शादीत गये थे! सुकलू के लडकों को देखा? कैसे दिख रहे थे? गुरुजी, वो सब माल मेरा है. दिवाळीच्या आधी आला सुकलू. बोला, शफीचाचा, चालीस शर्ट. मैं बोला, कैसा बनाऊं? बोला, उंदिरवाडे सर घालते ना, बस वैसाच. कॉलर वैसा, बाही वैसी, गले का बटन बंद. बोला, आमच्या सरांपेक्षा साफ माणूस मी जिंदगीत पाह्यला नाई, माझे लडके लोगां के सामने अन्न लेके जाते, तो वैसे दिखना. मैंने आपकाच कॉलर काढला. वही में लिखा है, देखो." त्यानं वही पुढं केली. पानावर वर लिहिलं होतं: उंदिरवाडे गुरुजी नमुना, नग चाळीस.

खुशालभाऊंनी ती ओळ दोनदा वाचली. म्हणजे वाढप्यांनी त्यांना लपवलं नव्हतं. चाळीस वाढपीच त्यांच्या शर्टात शिरले होते. जंगलातल्या त्या पोरानं शर्टाला लावलेलं बोट इतक्या वर्षांनी असं बाहेर आलं होतं. शिव्या कोणाला द्यायच्या? सुकलूला द्याव्यात तर त्यानं आदर केला होता. शफीला द्याव्यात तर त्यानं काम चोख केलं होतं. राग म्हणजे भरलेली बादली, ती ओतायला जागा लागते, आणि समोर सगळीकडं ज्याच्यावर ओतावी तो नमस्कार करत उभा. "हात वर करो," शफी म्हणाला. कमर बढली का पाहून घेतो, म्हणाला. खुशालभाऊंनी दोन्ही हात पसरले. टेप कमरेभोवती गार फिरली, आणि तेव्हा, हात तसे हवेत असताना, त्यांना आई आठवली.

ती आठवण कपाटाच्या तळच्या कागदाखाली ठेवल्यासारखी होती. बुढ्यानं पत्रावळी सोडल्या, पण आईनं सोडल्या नव्हत्या. मालगुजाराकडं मोठी पंगत असली आणि बुढा बांधीवर गेला असला, की ती मागच्या वाटेनं जायची, आणि घरी पोराला पाहायला कोणी नसे म्हणून खुशालला सोबत न्यायची. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. अंगणात पळसाच्या पत्रावळींची लांब रांग, वर माश्या. आई वाकून एक उचलायची, मग दुसरी, आणि त्याला दाखवायची. "असं धर. अंगापासून लांब, कपड्याले लागलं नाई पाह्यजे. न् अंगठा आत नाई टाकाचा, बाहीरच ठेवाचा." तिनं अंगठा धरून बाहेर काढला होता. शेवटी कोणीतरी उरलेली बुंदी ओंजळभर द्यायचं. ती तिथंच, गोठ्याच्या भिंतीआड, त्याच्या तोंडात घालायची आणि म्हणायची, "तुह्या बाबाले सांगू नोको." बुंदी फार गोड होती. तेवढं गोड त्यानंतर काही लागलं नाही, आणि म्हणूनच त्यांनी आयुष्यभर लग्नात बुंदीला हात लावला नव्हता. घरी आल्यावर बुढा नवा सदरा झटकून दांडीवर टाकत असायचा. खुशालचे ओठ तुपकट असायचे. बुढ्यानं कधी विचारलं नाही. आज पहिल्यांदा खुशालभाऊंच्या मनात आलं, त्याला माहीत होतं की काय? मांडवात ताट हातात आलं तेव्हा अंगठा कुठं होता, हे त्यांनी आठवून पाहिलं. बाहेर होता. शर्टापासून ताट वीतभर लांब होतं. शर्ट बापाचा होता, पण हात आईचा होता, आणि आईनं नियमांच्या यादीवर सही केली नव्हती.

"कमर दो इंच बढली," शफी म्हणाला. "रंगीत मेरे से नहीं होगा गुरुजी. तुमच्या मापावर रंग टाकायला माझी कैंची उठत नाई. रेडीमेड घेऊन घ्या." खुशालभाऊ उठले.

ती रात्र इतर रात्रींसारखीच लांब होती. सकाळी साडेदहाला त्यांनी पुठ्ठ्यातून निळ्या चौकटींचा शर्ट काढला, टाचण्या उपटल्या, घातला. आरशात एक माणूस दिसला, जो कोणाही माणसासारखा होता. रात्रीच चंद्रपूरहून आलेला राजदीप खूश झाला. मीराबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगा माय. कोणाच्या शर्टात शिरले जी तुमी? घरात चोर असल्यावानी वाटून राह्यलं." बाहेर गाडीचं दार वाजलं. खुशालभाऊ आत धावले. गुंड्या उघडताना एक तुटून कॉटखाली गेली. पांढरा शर्ट चढवला, गळ्याची गुंडी लावली. हा काही तत्त्वाचा विजय नव्हता. त्यांना एवढंच वाटलं, ओळखू दे लेकाले. ओळखल्यावर त्याचं तोंड कसं होते ते तरी पाहू.

भैसारे साहेबांनी ओळखलं नाही. बापूराव भैसारे दारातून आत आले, आज पिस्त्याच्या रंगात, खुशालभाऊंना कडकडून भेटले, "जय भीम गुरुजी, काल हुकले होते तुमी" म्हणाले, आणि त्यांच्याकडं नीट पाहिलंसुद्धा. डोळ्यांत काहीही हललं नाही. खुशालभाऊंनी जी तोंडं मनात तयार ठेवली होती, त्यांतलं एकही लागलं नाही. काल त्या माणसानं तोंड पाहिलंच नव्हतं. आज तोंड पाहत होता, तर शर्ट दिसत नव्हता. भीती एका मिनिटात गेली, सोयरीक वाचली, गोष्ट कोणी सांगणार नव्हतं. त्या मोकळ्या झालेल्या जागेत जे येऊन बसलं ते भीतीहून वाईट होतं. आपण आठवणीतसुद्धा नाही.

बापूरावांच्या बायको नूतनबाई आत मीराबाईंजवळ जाऊन बसल्या. राजदीपनं पोहे आणून दिले. बापूराव बोलत होते. नागपूरचं घर, घराचा उतारा, मुलीचं कौतुक, आणि मग लग्न. "कालची व्यवस्था पाह्यली का जी तुमी? वाढपी काय टापटीप! आधी बनियनवर वाढत. आता पाहुणा कोण न् वाढपी कोण, काई समजत नाई." ते स्वतःच हसले.

"हाव," खुशालभाऊ म्हणाले. "समजत नाई."

राजदीप पाणी आणायला आत गेला. बापूराव नागपूरच्या गच्चीबद्दल सांगत होते. खुशालभाऊंची प्लेट रिकामी झाली होती, तिच्यात दोन शेंगदाणे, कढीपत्ता आणि पिळलेलं लिंबू होतं. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, जणू काही बाहेर कोणी बोलत आहे, आणि डाव्या हातातली ती प्लेट बापूरावांपुढं केली. नुसती धरली.

बापूरावांनी ती घेतली. वाक्य अर्ध्यावर होतं, ते तसंच पुढं चाललं, "...वरून फुटाळा तलाव दिसते," आणि मग थांबलं. एका हातात स्वतःची प्लेट, दुसऱ्या हातात व्याह्याची. खुशालभाऊ त्यांच्या तोंडाकडं पाहायला वळले होते, कारण रात्रभर त्याच तोंडाची वाट पाहिली होती. पण त्यांची नजर तोंडापर्यंत गेलीच नाही. ती हातावर अडकली. प्लेट पिस्त्याच्या कुर्त्यापासून वीतभर लांब होती. आणि अंगठा बाहेर होता.

बापूराव हळूहळू खुशालभाऊंच्या शर्टाकडं पाहू लागले. कॉलर, गुंडी, बाही. मग मनगट, ज्यावर आज रुमाल नव्हता. त्यांचं मोठं तोंड हवा गेलेल्या चेंडूसारखं थोडं आत गेलं. राजदीप पाणी घेऊन आला आणि प्लेटांकडं हात पुढं केला, तर ते म्हणाले, "नोको बेटा. राहू दे." उठून उभे राहिले. "कुठी ठेवू, गुरुजी?"

खुशालभाऊ त्यांना मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथं नळ होता, खाली दगड. बापूरावांनी खरकटं कोपऱ्यातल्या बादलीत झटकलं, सराईतासारखं, एका हिसक्यात, आणि नळ सोडला. पाणी उन्हानं कढत झालेलं होतं. आजूबाजूला पाहून ते खालच्या आवाजात बोलले.

"काल मीच देलं होतं काय जी?"

"हाव."

"मंग तुमी घेतलं काऊन? फेकून द्याचं होतं माह्या अंगावर."

"तुमी आता काऊन घेतलं?"

बापूरावांनी हातातल्या प्लेटकडं पाहिलं. मग अंगठ्याकडं. तो त्यांनी झाकावा तसा मुठीत घेतला. "आमच्या गावाले पाटलाच्या घरी..." ते म्हणाले आणि प्लेट पुन्हा पाण्याखाली धरली. खुशालभाऊंनी विचारलं नाही. विचारायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. या माणसाचा कुर्ता त्यांना कालही आवडला नव्हता आणि आजही आवडत नव्हता, आणि आता तर तो कोणत्या सुताचा आहे हेही कळलं होतं.

आतून मीराबाईंचा आवाज आला. "अजी! बाई विचारून राह्यल्या, अकरा मे चालते का म्हणून!"

"चालते!" बापूराव तिथूनच ओरडले, लग्नातल्या आवाजात. मग नळ बंद केला, ओले हात कुर्त्याला पुसता पुसता थांबले, आणि खुशालभाऊंच्या अगदी कानाशी आले.

"गुरुजी," ते म्हणाले, "घरच्यांले सांगू नोका."

खुशालभाऊंच्या तोंडाला एकदम बुंदीची गोड चव आली. ते तोंड वळवून दगडावर थुंकले.